देवळाची पायरी आणि कूर्मदासाची वाट

इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहणारी भीमा ओलांडली की पलीकडे माढा तालुका लागतो. त्या तालुक्यात लऊळ नावाचे गाव आहे आणि तिथे संत कूर्मदासांचे देऊळ आहे. महिपतींनी ‘भक्तविजया’त सांगितलेली त्यांची कथा वारकऱ्यांना पाठ असते. पैठणचा हा भक्त हातापायांनी अधू होता. कीर्तनात पंढरीचे वर्णन ऐकले आणि तो जमिनीवर सरपटत पंढरपूरला निघाला. लऊळपर्यंत आला तोवर एकादशी तोंडावर आली होती, पुढची वाट वेळेत उरकणार नव्हती. त्याने पुढे जाणाऱ्या यात्रेकरूंबरोबर विठ्ठलाला निरोप धाडला. निरोप मिळताच ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन देव निघाला, वाटेत अरणला सावता माळ्याच्या मळ्यात थांबला आणि लऊळला येऊन कूर्मदासाला भेटला. ही कथा आपल्याकडे बहुधा कूर्मदासाच्या निष्ठेसाठी सांगितली जाते. अंग सोलवटून घेत तो आला, म्हणून तो मोठा भक्त. पण कथेचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. भक्ताचे बळ जिथे संपले तिथून पुढचे अंतर देवाने तोडले. तू एवढा आलास, आता आणखी थोडा सरपटत ये, असे देव म्हणाला नाही. दिव्यांग माणूस आणि ऐतिहासिक देऊळ यांच्यामधले अंतर कोणी कापायचे, या प्रश्नाला मराठी परंपरेने दिलेले हे उत्तर आहे. आपल्या देवस्थानांच्या व्यवस्थेने मात्र ते अजून मनावर घेतलेले नाही.

हा प्रश्न विचारायला निमगाव केतकीइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही. हे गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर आहे. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकीचा मुक्काम आणि पुढे इंदापूर, सराटी, अकलूज असा हा प्रवास चालतो. पाटस, बारामती, इंदापूर, तोंडले असा जाणारा हा रस्ता आता संत तुकाराम महाराज पालखी महामार्ग झाला आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच्या कामाची पायाभरणी झाली, तेव्हा महामार्गाच्या कडेने वारकऱ्यांना चालण्यासाठी वेगळी वाट करण्याचे ठरले. म्हणजे चालणाऱ्या भक्ताच्या पायाला खडे टोचू नयेत, त्याला ट्रकचा धक्का लागू नये, याचा विचार सरकारी आराखड्यात झाला. तो व्हायलाच हवा होता. आता त्याच महामार्गावरून चाकाच्या खुर्चीतून, कुबड्यांवर किंवा कोणाचा तरी हात धरून येणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. याच वाटेने तो पंढरपूरला जाईल, थोडे आडवळण घेऊन मोरगावला जाईल, नाहीतर नीरा आणि भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूरला उतरेल. रस्ता गुळगुळीत आहे, गाडी थेट गावात जाते. अडचण सुरू होते ती गाडीतून उतरल्यावर, शेवटच्या दोनशे पावलांत.

कायदा या दोनशे पावलांबद्दल काय म्हणतो ते बहुतेक विश्वस्तांना माहीत नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दांची जी व्याख्या आहे, तिच्यात लोक धार्मिक कारणासाठी वापरतात त्या इमारतीही स्पष्टपणे येतात, मग ती इमारत सरकारी असो की खासगी. याच कायद्याचे कलम ४५ सांगते की, आधीपासून असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. नियम जून २०१७ मध्ये आले, त्यामुळे मुदत जून २०२२ मध्ये संपली. पुढे राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. सुगमतेची मानके केवळ शिफारशीसारखी ठेवणारा नियम १५(१) हा मूळ कायद्याशी विसंगत आहे, किमान मानके सक्तीचीच असली पाहिजेत, असे न्यायालयाने त्यात म्हटले. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खाते काढले. कागदावर पाहिले तर मोरगावच्या किंवा नरसिंहपूरच्या देवळात दिव्यांग भक्ताला विनासायास जाता येणे हा आज हक्क आहे. तरीही बहुतेक ठिकाणी तो हक्क देवस्थानच्या सद्भावनेवर आणि दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकांच्या खांद्यांवर सोडलेला असतो.

‘जुने देऊळ आहे, आम्ही काय करणार?’ हे वाक्य या विषयात सर्वांत आधी ऐकू येते. ते खरे मानण्यापूर्वी देवळातले अडथळे नीट पाहायला हवेत. गाडी जिथे थांबते तिथून महाद्वारापर्यंतच्या रस्त्यावर प्रसादाच्या दुकानांच्या पायऱ्या आणि फळ्या पुढे आलेल्या असतात. गटारावरचे झाकण एका बाजूने उचललेले असते. पेव्हर ब्लॉक खचलेले असतात. दर्शनबारीचे लोखंडी कठडे इतके जवळ लावलेले असतात की एक धडधाकट माणूस जेमतेम सरकेल, आणि वळणावर तर तोही अंग चोरतो. प्रांगणात गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा चकचकीत फरशी असते. अभिषेकाचे पाणी सांडले की कुबडीचे टोक तिच्यावर ठरत नाही. स्वच्छतागृहाच्या दाराशी नऊ इंचांचा कट्टा असतो आणि आत वळायला जागा नसते. यांतली एकही गोष्ट पेशव्यांनी केलेली नाही, यादवांनीही नाही. हे सगळे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपणच उभे केले आहे, बरेचसे तर ‘भाविकांच्या सोयीसाठी’ म्हणून. माझा या प्रकरणातला मुख्य मुद्दा हाच आहे: ऐतिहासिक देवळात दिव्यांग माणसाला अडवणाऱ्या गोष्टींपैकी बहुतेक गोष्टी ऐतिहासिक नसतात. वारशाचे नाव पुढे करून आपण ज्यांचे रक्षण करतो, त्यांत वारसा फार थोडा आणि अलीकडची बेफिकिरी फार जास्त असते.

पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात २०२४ साली जे काम झाले, त्याने हे उघड दाखवून दिले. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवून गाभाऱ्याचे आणि मंदिराचे जतन करण्यात आले. पुरातत्त्व खात्याच्या मार्गदर्शनाखाली नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या, संगमरवर आणि ठिकठिकाणचे चांदीचे पत्रे काढले, तेव्हा खालचा मूळ दगड कित्येक वर्षांनी लोकांनी पाहिला. एका पिढीने भक्तीने बसवलेली फरशी दुसऱ्या पिढीने तितक्याच भक्तीने उचकटली. देवाचे महत्त्व कमी झाले नाही, वारीही कमी झाली नाही. मंदिर ही बदलणारी वस्तू आहे, हे आपण कृतीने मान्य करतो. फक्त बदल दिव्यांगांसाठी करायचा म्हटले की ती अचानक अचल होते. इथे इंदापूर तालुक्यातल्याच पळसदेवची आठवण होते. उजनी धरणाच्या पाण्यात जुने गाव गेले, पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले, आणि नव्या गावठाणात देवासाठी नवे मंदिर उभे राहिले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या देवळाचे शिखर आणि मंडप अजूनही दिसतात आणि लोक होडीने पाहायला जातात. धरणासाठी एवढा मोठा बदल पचवलेल्या तालुक्याला लाकडी उतार पचणार नाही, असे मानायला काही आधार नाही.

तरी काही अडथळे खरोखरच जुने असतात आणि त्यांचा विचार गंभीरपणेच करायला हवा. मोरगावचा मयूरेश्वर घ्यावा. काळ्या दगडाचे मंदिर, भोवती गढीसारखी उंच तटबंदी, चार कोपऱ्यांना मनोरे, समोर मोठा नंदी. आत जाण्यासाठी दगडी पायऱ्या चढून दरवाजा गाठावा लागतो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान एकास बारा असे धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जुन्या दगडी पायऱ्या आठ-नऊ इंच उंच असतात. अशा अकरा पायऱ्या धरल्या आणि प्रत्येकी नऊ इंच मोजले, तर चढ सव्वाआठ फुटांचा होतो आणि त्यासाठी जवळजवळ शंभर फूट लांबीचा उतार लागतो. शिवाय दर नऊ मीटरला थांबायला सपाट जागा हवी, दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि वळणावर खुर्ची फिरेल इतकी, म्हणजे साधारण दीड मीटर रुंदीची, मोकळी जागा हवी. हा शंभर फुटांचा उतार महाद्वाराच्या तोंडावर ओतला तर समोरची सगळी शोभा जाईल, हे म्हणणे बरोबर आहे. म्हणून तो तिथे करायचा नसतो. तटबंदीच्या कडेने, दुय्यम दरवाजाशी, जमिनीचा नैसर्गिक चढ जिथे कमी आहे अशी बाजू शोधून तो करायचा असतो. त्यासाठी कंत्राटदाराच्या आधी मोजणीची पट्टी हातात घेतलेला वास्तुतज्ज्ञ देवळाभोवती फिरला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटे होते. आधी निधी येतो, मग घाईने काँक्रीटचा एक उतार ओतला जातो. तो इतका चढा असतो की खुर्ची वर ढकलायला दोन माणसे लागतात आणि खाली उतरताना तीन. वर त्यालाच ‘रॅम्प’ असा फलक लागतो, आणि तपासणीला आलेला अधिकारी रकान्यात बरोबरची खूण करून जातो. असा उतार न केलेला बरा, कारण तो धोक्याचा असतो आणि पुढच्या मागणीचे तोंडही बंद करतो.

नीरा नरसिंहपूरची अडचण वेगळ्या जातीची आहे. संगमावरचे देऊळ पुरापासून वाचायला हवे, म्हणून ते उंचावर बांधलेले असते आणि घाटाच्या पायऱ्या नदीपासून वर चढतात. तिथली पायरी नुसती सजावट म्हणून आलेली नाही, तिने देवळाला शतकानुशतके पाण्यापासून राखले आहे. अशा जागी घाटावर उतार करण्याचा हट्ट व्यर्थ आहे. पण आज नरसिंहपूरला येणारा माणूस नावेने येत नाही, तो गावाच्या बाजूने गाडीने येतो. गावाच्या अंगाने देवळाची पातळी गाठण्याचा मार्ग शोधणे, तिथपर्यंत दिव्यांगांची गाडी सोडणे आणि ज्याला संगमाचे पाणी हवे त्याला ते वर मिळण्याची सोय करणे, एवढे केले तर घाटाच्या एकाही दगडाला हात लावावा लागत नाही. युरोपातल्या कॅथेड्रलची उत्तरे उचलून आपल्याकडे बसवता येत नाहीत ती याच कारणाने. तिथे दारातल्या चार-दोन पायऱ्या ओलांडल्या की आतली मोठी फरशी बरीचशी एका पातळीवर असते. आपल्याकडे जोते, मंडप, अंतराळ, उंबरठा आणि मग दोन पायऱ्या खाली उतरलेला गाभारा, अशी पातळी पावलापावलाला बदलते. शिवपिंडीसमोरच्या त्या दोन पायऱ्यांवर जे उत्तर सापडेल, ते इथल्याच कारागिराला आणि पुजाऱ्याला विचारून शोधावे लागेल.

वारशाच्या बाजूचा आक्षेप जगात सर्वांत जोराने उठला तो अथेन्समध्ये. अॅक्रोपोलिसच्या टेकडीवर २००४ च्या पॅरालिम्पिकसाठी पहिली लिफ्ट बसवली गेली. ती वारंवार बंद पडे. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर कड्याला नवी तिरकी लिफ्ट सुरू झाली आणि वर खडकावर काँक्रीटच्या वाटा टाकल्या. त्या वाटांवरून अनेक पुरातत्त्वज्ञ संतापले, आणि त्यांच्या संतापात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. मूळ खडक झाकला गेला, पाण्याच्या निचऱ्याबद्दलही प्रश्न उभे राहिले. त्या वादातून शिकायचे ते एवढेच की जे करायचे ते पुढे काढता येईल असे करावे, मूळ दगडाला भोक न पाडता करावे आणि गरजेइतकेच करावे. जतनशास्त्रात हे तत्त्व नवीन नाही. दिल्लीत जानेवारी २००१ मध्ये त्याचे उदाहरण घडले. स्टीफन हॉकिंग भारतात आले, त्यांना लाल किल्ला, कुतुबमिनार, जंतरमंतर आणि हुमायूनची कबर पाहायची होती, आणि पुरातत्त्व खात्याने तिथे तात्पुरते लाकडी उतार तयार करून घेतले. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञासाठी जे थोड्या दिवसांत होऊ शकले, ते निमगावच्या एखाद्या पोलिओग्रस्त शेतकऱ्यासाठी तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असे कोणालाही म्हणता येणार नाही. आणि ज्यांना उतार हा आधुनिक, परका प्रकार वाटतो, त्यांनी ग्रीसमधल्याच एपिडॉरसकडे पाहावे. आरोग्यदेवता अॅस्क्लिपियसच्या त्या क्षेत्रात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात देवळांना दगडी उतार बांधलेले होते. डेबी स्नीड या अभ्यासक स्त्रीने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांचा संबंध तिथे येणाऱ्या आजारी आणि अपंग लोकांशी जोडून दाखवला. जिथे अधू माणसे मोठ्या संख्येने येणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होते, तिथे त्याने त्यांचा विचार केला. आपल्या कुलदैवतांना, नवसाच्या देवांना कोण येते? बरे वाटावे म्हणून आजारी माणूसच आधी येतो.

आता शुचितेचा आक्षेप. चाके रस्त्यावरची घाण घेऊन येतात, खुर्ची आत कशी न्यायची, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरला चामड्याचा बूट असतो तो कसा चालेल, असे पुजारी विचारतात. हा प्रश्न श्रद्धेतून येतो, त्याला हसून उडवू नये. उत्तर साधे आहे. देवस्थानाने स्वतःच्या दोन-तीन खुर्च्या ठेवाव्यात, त्या फक्त आत वापराव्यात, आणि महाद्वाराशी माणसाला बाहेरच्या खुर्चीतून आतल्या खुर्चीत बसता येईल अशी आडोशाची, सपाट जागा करावी. मात्र स्वतःच्या शरीराच्या मापाने बनवलेली खुर्ची ज्याला सोडताच येत नाही, त्याच्या खुर्चीची चाके धुऊन पुसून तिला आत सोडावे. पावसाळ्यात वारकऱ्यांच्या पायांना लागलेला चिखल आपण आत येऊ देतोच. कॅलिपर हा दागिना किंवा पादत्राण नसून त्या माणसाचा पाय आहे, हे एकदा स्वीकारले की पुढचे सोपे होते. ‘जयपूर फूट’ची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो कृत्रिम पाय घडवला. तेव्हाच्या परदेशी पायांवर बूट चढवावाच लागे. इथल्या माणसाला तर अनवाणी चालायचे असते, मांडी घालून बसायचे असते, चिखलात उतरायचे असते. म्हणून हा पाय बुटाशिवाय वापरता येईल असा आणि दिसायलाही पायासारखा केला गेला. इथल्या चालीरीती गृहीत धरून तंत्र बदलणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत. आता देवस्थानांनी आपल्या बाजूने थोडे सरकायचे आहे.

शिवाय दिव्यांग म्हणजे फक्त खुर्चीतला माणूस, ही समजूत सोडायला हवी. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. आणि इथे पंढरपूरने जगाला दाखवावी अशी एक गोष्ट आहे. विठ्ठलाच्या पायांवर कोणालाही डोके ठेवता येते, हात लावता येतो. बहुतेक मोठ्या देवस्थानांत देव लांबून पाहायचा असतो. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी लांबून दर्शन हे नावापुरतेच असते. पंढरीत मात्र अंध माणसाला विटेवरचे पाय हाताला कळतात. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेलेल्या आणि पुढे मोठी ग्रंथरचना केलेल्या गुलाबराव महाराजांच्या प्रांतात अंध भक्ताची योग्यता वेगळी सिद्ध करायची गरज नाही. पण त्याच अंध माणसाला दर्शनबारीत कुठे वळायचे ते कोणी सांगत नाही, आणि गाभाऱ्यात एक सेकंद उलटण्याआधी ‘चला, पुढे चला’ म्हणून खांदा ढकलला जातो. ज्याचे दर्शन हातांत आहे त्याला पाच-दहा सेकंद जास्त लागतात. एवढी सवलत द्यायला ना दगड हलवावा लागतो ना निधी लागतो. बहिऱ्या माणसाला ध्वनिक्षेपकावरची सूचना ऐकू येत नाही, त्याच्यासाठी ती फलकावर दिसली पाहिजे. मतिमंद किंवा स्वमग्न मुलाला आरतीच्या नगाऱ्याचा आणि गर्दीचा त्रास होतो, त्याच्या आईवडिलांना कमी गर्दीची वेळ आधी कळली पाहिजे. मंदिराची लाकडात किंवा दगडात केलेली छोटी प्रतिकृती मंडपात ठेवली, तिच्याजवळ मराठी ब्रेलमध्ये माहिती दिली, तर अंध माणसाला शिखर म्हणजे काय हे बोटांनी समजेल. डोळस मुलेही तिच्याभोवती जमतील.

‘आमच्याकडे माणुसकी आहे, आम्ही उचलून नेतो’ हे उत्तर सर्वांत प्रेमाने दिले जाते, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणे जड जाते. उचलून नेणारे तरुण खरोखर पुण्याच्या भावनेने धावून येतात. अजिंठ्याला डोली मिळते, घारापुरीला पालखीची खुर्ची मिळते, आणि ज्याला दुसरा मार्ग नाही त्याला तो आधार आहे. पण जिला अनोळखी चार पुरुष काखेत हात घालून उचलतात त्या बाईला काय वाटते, हे कोणी विचारत नाही. वजनदार माणसाला उचलताना ओल्या पायरीवर एकाचा पाय घसरला तर पडतो तो उचललेला माणूस. आणि उचलणारे नसतील त्या वेळी देव बंद. दर वेळी कोणाची तरी कृपा मागूनच ज्याला आत जावे लागते, त्याला हक्क मिळाला असे म्हणता येत नाही. मदतीचा हात राहावा, पण तो कोणी मागितला तरच पुढे यावा, आणि कोणी मागितला नाही तरी माणसाला स्वतः आत जाता यावे. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ साली रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू झाली तेव्हा हे स्पष्ट झाले. पायऱ्या होत्या तशाच राहिल्या, ज्यांना चढायचे ते चढतात. ट्रॉलीत म्हातारी माणसे, गरोदर बाया, लहान मुले घेतलेल्या आया आणि दिव्यांग असे सगळे एकाच रांगेत बसतात. कोणी कोणाचे उपकार घेत नाही.

कष्टाशिवाय भक्ती कसली, असाही एक आक्षेप आहे, आणि तो वारीच्या वाटेवर जास्त ऐकू येतो. देहू ते पंढरपूर चालणे हे तप आहे, गड चढणे हे तप आहे, मग उतार करून दिला तर तपाचे काय? तप हे स्वतः निवडलेले असते, हे याचे उत्तर. निरोगी माणूस वाहन असताना चालतो, म्हणून त्याच्या चालण्याला मोल आहे. ज्याच्यापुढे निवडच नाही, त्याच्यावर लादलेल्या त्रासाला तप म्हणणे ही त्या माणसाची आणि तपाचीही अवहेलना आहे. लऊळची कथा पुन्हा इथेच उत्तर देते. कूर्मदास सरपटत आला तो त्याचा निश्चय होता, पण त्याने निरोप धाडला तेव्हा देवाने त्याची परीक्षा वाढवली नाही.

देवळाचे दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद, हा प्रश्न पंढरपुरात याआधी एकदा फार मोठ्याने विचारला गेला आहे. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना विठ्ठल मंदिरात प्रवेश मिळावा ही त्यांची मागणी होती, आणि १० मे रोजी ती मान्य झाल्यावर उपोषण सुटले. जातीने केलेला मज्जाव आणि पायरीने केलेला अडथळा या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिला द्वेषातून आणि सत्तेतून आला होता, दुसरा दुर्लक्षातून येतो. तरी दोन्ही वेळी विरोधकांनी पुढे केलेले कारण एकच आहे: परंपरा अशी आहे, ती मोडली तर देवळाचे देऊळपण जाईल. १९४७ नंतर पंढरपूरचे देऊळपण गेले नाही. आज त्या उपोषणाबद्दल ज्यांना अभिमान वाटतो, त्यांना परंपरेचे तेच कारण दिव्यांगांच्या बाबतीत पुढे करता येणार नाही.

‘असे किती येतात?’ हा हिशेबी प्रश्न उरतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. ही गणना अपंगत्वाच्या आठ प्रकारांची होती, कायद्यातल्या २१ प्रकारांची नव्हे, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असणार. त्यांत गुडघे गेलेली आजी, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले आजोबा, मोडलेला पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण यांची गणती नाही. वारीत चालून चालून ज्यांचे गुडघे झिजले, असे जुने वारकरी आता घरी बसून पालखी निमगावात आली की दारातून हात जोडतात, त्यांचीही नाही. देवळातल्या रांगेकडे पाहून ‘दिव्यांग येतच नाहीत’ असे म्हणणे चुकीचे आहे, कारण जे येऊ शकले नाहीत ते रांगेत दिसणार कसे?

पैशांचा प्रश्न मोठ्या देवस्थानांना नाही, लहान गावांना आहे. तिथेही वाट आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो बहुतेकदा वर्षअखेरीला किरकोळ वस्तू वाटून संपवला जातो. त्यातून गावच्या देवळाकडे जाणारा रस्ता सपाट करता येतो, गटारावर झाकण बसवता येते, स्वच्छतागृहाचे दार ९० सेंटिमीटर रुंद करून आत धरायला दांडी लावता येते. देवळातल्या सहा इंची उंबरठ्यासाठी गावच्या सुताराकडून दोन्ही बाजूंनी टेकणारे, मध्ये जोडले जाणारे लाकडी उतार करून घेता येतात. खाली रबराची पट्टी, वर घसरू नये म्हणून खरबरीत पृष्ठभाग, लांबी प्रत्येक बाजूला सहा फूट. खिळा ठोकायचा नाही, वापर झाला की उचलून बाजूला ठेवायचे. असा उंबरठा ना तुटतो ना विटाळतो. मंदिर राज्य किंवा केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असेल तर कायमस्वरूपी कोणत्याही कामाआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती घेतलीच पाहिजे. पण बारीचे कठडे सैल करायला, रस्ता मोकळा करायला किंवा स्वयंसेवकांना शिकवायला सहसा परवानगीचा अडसर येत नाही.

आषाढीची पालखी गावात येण्यापूर्वी १ मेची ग्रामसभा येते. पालखीच्या वाटेवरच्या प्रत्येक गावाने त्या सभेत हा एक विषय घ्यावा: गाडीतून उतरल्यापासून देवासमोर पोचेपर्यंतची वाट मोजायची, आणि मोजताना गावातले खुर्चीवर बसणारे, न दिसणारे, न ऐकू येणारे लोक बरोबर घ्यायचे. कुठे अडते ते त्यांना विचारायचे आणि इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहायचे. पुढे किती काम करायचे आणि कोणत्या क्रमाने, ते त्या इतिवृत्तावरून ठरवावे.